पातळ चहा

आई आमच्याकडे चँडलरला आली ती नोव्हेंबरात, इथलं वाळवंटातलं ऊन माणसाला सोसण्याजोगं झाल्यावर. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. विमानात ती पहिल्यांदाच एकटी बसली होती, आणि बॅगेत कपड्यांच्या घड्यांमध्ये चहाच्या पुडीची चार पाकिटं दाबून आणली होती.

"इथे सगळं मिळतं, आई," मी म्हणालो.

"मिळत असेल. पण तुमच्याकडचा चहा मागच्या वेळी पिऊन गेली आहे मी."

आम्ही नागपूरचे. आमच्याकडे चहा 'मांडतात'. बायको पुण्याची, ती चहा 'टाकते'. तिची पद्धत अशी, की पाण्याला साखर घालून उकळी आणायची, गॅस बंद करून पूड टाकायची, झाकण ठेवायचं, आणि दोन-तीन मिनिटांनी गाळून वरून वेगळं तापवलेलं दूध घालायचं. आईला हा चहा म्हणजे पाहुण्यांसमोर ठेवायचं रंगीत पाणी वाटायचा. तिच्या चहात पाणी, दूध, साखर, पूड सगळं एकत्र असायचं. आलं किसायचं नाही, ठेचायचं. उकळी वर आली की गॅस बारीक करायचा, खाली बसली की मोठा करायचा, असं तीनदा. मग तो गडद बदामी रंगाचा चहा ती बशीत ओतायची आणि फुंकर घालून प्यायची. पहिल्या आठवड्यात स्वयंपाकघरात दोघींची दोन भांडी असायची. दुसऱ्या आठवड्यापासून बायको आईच्याच भांड्यातला चहा घेऊ लागली. मला बरं वाटलं होतं.

मला स्वतःला चहा करता येत नव्हता. मी बेचाळीस वर्षांचा होतो, चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनीअर होतो, केसाच्या हजाराव्या भागाइतकी जाडी मोजायचं माझं काम होतं, आणि चहा मात्र आयुष्यभर कोणीतरी हातात आणून दिला होता. शिकवायला आईला आवडलं असतं. मीच कधी विचारलं नाही.

डिसेंबरातल्या एका सकाळी मी घरून काम करत होतो. बायको ऑफिसला गेली होती, मुलगी शाळेत. मी बाजूच्या खोलीत कॉलवर होतो आणि मला दूध जळल्याचा वास आला. मी माइक बंद केला आणि ओरडलो, "आई, उतू चाललं आहे." उत्तर आलं नाही. मला राग आला. लोक माझ्या आकड्यांची वाट बघत होते, म्हणून मी माइक चालू करून माझं बोलणं पूर्ण केलं. चार मिनिटं लागली असतील, फार तर पाच. मग उठून गेलो. चहा सगळा शेगडीवर सांडला होता, गॅस विझला होता आणि आई ओट्याला पाठ लावून खाली बसली होती. तोंडाची उजवी बाजू घसरली होती. ती माझ्याकडे बघत होती आणि काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होती.

मेंदूत गुठळी गेली होती. उजवा हात आणि पाय गेले, आणि त्यांच्याबरोबर भाषा गेली. आठवडाभरानं तिच्या तोंडून पहिले शब्द आले ते "हो ना." आम्हाला केवढा आनंद झाला. मग हळूहळू लक्षात आलं, की एवढे दोनच शब्द राहिले आहेत.

"पाणी हवं का, आई?"

"हो ना."

"दुखतंय का कुठे?"

"हो ना."

"आज कोणता वार आहे?"

"हो ना."

स्वर मात्र दर वेळी वेगळा असायचा. चिडून, विनवून, कधी नुसतं गप्पा मारल्यासारखं. ती आतून पूर्ण वाक्यं बोलत होती आणि बाहेर येताना त्यांचं दर वेळी "हो ना" होत होतं. आपण काय बोललो ते तिला स्वतःला ऐकू येत असावं, कारण बोलून झाल्यावर ती डोळे मिटून घ्यायची.

गिळायची तपासणी झाली तेव्हा मी तिथेच होतो. क्ष-किरणाच्या पडद्यावर माणसाचं गिळणं दिसतं. पांढरं औषध मिसळलेलं पाणी आईला एका कपातून दिलं, आणि त्या पाण्यातली एक बारीक रेघ जिथे जायची तिथे न जाता पुढच्या बाजूला, श्वासनलिकेत उतरली. आई शांत होती.

"ठसका लागला नाही," मी म्हणालो. मला वाटलं ही चांगली गोष्ट आहे.

"तेच वाईट आहे," ती तपासणारी थेरपिस्ट म्हणाली. तिशीच्या आतली असेल, आवाज मऊ होता. "ठसका लागला असता तर आपल्याला कळलं असतं. त्यांच्या फुप्फुसात पाणी जातंय आणि त्यांना कळत नाहीये. पातळ काहीही द्यायचं नाही. पाणी नाही, ज्यूस नाही, सूप नाही."

"चहा?"

"घट्ट करून द्या. मधाइतका घट्ट."

तिनं एक डबा दिला. त्यात पांढरी भुकटी होती. कुठल्याही पेयात ती मोजून घालायची, जोरात ढवळायचं आणि थांबायचं. चमचा तिरका केला की पेय पाण्यासारखं न वाहता मधासारखं संथ ओघळलं पाहिजे. मी ते सगळं वहीत लिहून घेतलं. मोजमापाचं काम होतं, मला जमेल असं वाटलं.

जानेवारीच्या मध्यावर आई घरी आली. मी अर्धा दिवस काम करायची परवानगी घेतली आणि दुपारी तिच्याजवळ राहू लागलो. थेरपिस्ट आठवड्यातून दोनदा घरी यायची. आणि मी, आयुष्यात पहिल्यांदा, चहा मांडायला लागलो.

पहिला चहा मी आईसारखाच केला, निदान मला आठवत होता तसा. गाळला, भुकटी घातली, ढवळलं. दुधात ती भुकटी लवकर घट्ट होत नाही, हे मला माहीत नव्हतं. पाच मिनिटं झाली तरी चहा पातळच, म्हणून मी आणखी दोन चमचे घातले. मग एकदम सगळं मिळून खळीसारखं झालं. चमचा त्यात उभा राहिला. फेकून दिलं. दुसऱ्या वेळी धीर धरला, बरोबर मधाइतका झाला, पण तोवर गार झाला होता. गरम केला तर वर साय धरल्यासारखा पापुद्रा आला. तिसऱ्या वेळी जमला. मी चमच्यानं आईच्या तोंडात घातला. तिनं तो तोंडात धरला, माझ्याकडे बघितलं, आणि जिभेनं बाहेर ढकलला.

मी चाखून पाहिला. वास आल्याचा होता, चव चहाची होती, आणि घशाखाली भेंडीची बुळबुळ उतरत होती. मुलीनंही बोट लावून पाहिलं. ती तेरा वर्षांची आहे, इथेच जन्मलेली. "बाबा, इट्स लाइक स्लाइम," ती म्हणाली. मग आजी ऐकते आहे हे लक्षात येऊन तिनं आजीचा हात हातात घेतला.

त्यानंतरचे दोन महिने मी चहामागे लागलो. दूध नको, म्हणून कोरा चहा केला, लिंबू पिळून. भुकटी त्यात चटकन मिसळली, पण तो पारदर्शक, थरथरता पदार्थ बघून आईनं मान फिरवली. अंगणातल्या कुंडीत गवती चहा होता, बायकोनं लावलेला. त्याची पात कात्रीनं कापून, गाठ मारून उकळत्या पाण्यात टाकली. घरभर वास सुटला, आईनं मान वर केली, मला वाटलं जमलं. दोन चमचे घेतले आणि तिसऱ्याला ओठ मिटले. गुळाचा केला. पहिल्यांदा दूध फाटलं, कारण गूळ उकळतानाच घातला होता. गॅस बंद करून, जरा निवल्यावर घालायचा असतो, हे बायकोनं सांगितलं. वेलदोडा आणि जायफळ घालून केला. पुदिना घालून केला. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानांजवळ राहणाऱ्या एका मित्रानं शिकागोहून तयार मसाला पाठवला, तोही घालून पाहिला.

एकदा वाटलं, भुकटीच नको. दूधच इतकं आटवू, की चहा आपोआप घट्ट होईल. तासभर ढवळत उभा राहिलो. बासुंदीसारखं दाट, केशरी छटेचं काहीतरी झालं. आईला ते देण्याआधी मी थेरपिस्टची वाट बघितली. ती आली, तिनं चमचा तिरका केला, एक थेंब बोटावर घेऊन चोळला. "हा तोंडात गेल्यावर पातळ होईल," ती म्हणाली. "सॉरी. वास फार छान आहे."

मी ते सिंकमध्ये ओतलं. आई खुर्चीतून बघत होती.

या सगळ्यात ती वाळत चालली. दिवसभरात किती द्रव पोटात गेला हे मी लिहून ठेवायचो, आणि आकडा खाली खाली जायचा. थेरपिस्टला काळजी वाटत होती. बायको आमरस घट्ट करून द्यायची, तो थोडा जायचा. पण चार वाजले की आई स्वयंपाकघराकडे तोंड करून बसायची. मी कप घेऊन आलो की आधी चेहरा उजळायचा, आत बघितलं की विझायचा. रोज. तिला वाटत असावं, आज तरी हा खरा आणेल. आपला मुलगा असा का वागतो आहे, हे तिला समजावून सांगायला माझ्याकडे शब्द होते, पण तिच्यापर्यंत किती पोचत होते, देव जाणे.

आमच्या शेजारी एक ऐंशीच्या घरातल्या बाई राहतात, एकट्याच. मार्च लागला की त्या अंगणात उन्हाचा चहा करतात. मोठ्या काचेच्या बरणीत साधं पाणी, चार टी-बॅगा, वर झाकण, आणि बरणी चार तास उन्हात. आग नाही, उकळी नाही. मग बर्फ घालून पितात. त्या दिवशी कुंपणावरून त्यांनी मला एक ग्लास दिला आणि आईची चौकशी केली. मी भुकटीचं सांगितलं. त्यांना ती माहीत होती. त्यांच्या नवऱ्याला शेवटच्या वर्षी तीच द्यायचे.

"त्याला कॉफी लागायची," त्या म्हणाल्या. "शेवटी मी दिली. साधी कॉफी."

"मग?"

"मग तो गेला. पण तो जाणारच होता." मग त्या म्हणाल्या, "तुझ्या आईचं तसं आहे का, मला माहीत नाही. माझं ऐकून काही करू नकोस."

मी त्यांचं ऐकून केलं असं नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी, घरात आम्ही दोघंच असताना, मी आलं ठेचलं, सगळं एकत्र घातलं, उकळी तीनदा वर आणली, गाळलं, आणि डब्याचं झाकण उघडलं नाही. कप आणि बशी घेऊन आईसमोर बसलो.

"आई, हा साधा चहा आहे. पातळ. डॉक्टर नको म्हणतात. हा फुप्फुसात जाऊ शकतो. कळलं का?"

"हो ना."

"तरी हवा?"

"हो ना."

"की नको?"

"हो ना."

तिसऱ्यांदा मी विचारायलाच नको होतं. तिसरं उत्तर ऐकल्यावर पहिल्या दोन्हींना काही अर्थ राहिला नव्हता. पण ती बशीकडे बघत होती आणि डावा हात पुढे केला होता. मी बशीत ओतला. तिनं डाव्या हातानं बशी धरली, मी खालून आधार दिला. तिनं फुंकर घातली. ओठांची एक बाजू नीट मिटत नव्हती, थोडा चहा हनुवटीवर ओघळला. बाकीचा ती प्यायली. मग मान मागे टाकून डोळे मिटून बसली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी तीन महिन्यांत बघितलं नव्हतं.

ठसका लागला नाही. ठसका न लागण्याचा अर्थ मला माहीत होता. पडद्यावर मी स्वतः बघितलं होतं. तरी मी स्वतःला सांगितलं, बघ, ठसकाही लागला नाही.

पाच दिवस दिला. दुपारी चार वाजता, पूर्ण कप. बायकोला सांगितलं नाही. बशी धुवून, पुसून जागेवर ठेवायचो. वहीत 'चहा, घट्ट' असं लिहायचो. तिसऱ्या दिवशी बायको वही बघून म्हणाली, "अरे, चहा घ्यायला लागल्या की. काय केलंस?" मी म्हणालो, "जमला एकदाचा." ती इतकी खूश झाली, की तिनं तिच्या आईला फोन करून सांगितलं.

सहाव्या दिवशी सकाळी आईला ताप आला. दुपारपर्यंत श्वास भरभर चालायला लागला. हॉस्पिटलमध्ये नेलं. फुप्फुसात न्यूमोनिया होता, उजव्या बाजूला, खालच्या भागात. तिथला डॉक्टर तरुण होता, त्यानं सगळं नीट विचारलं. बायको पलंगाच्या पायथ्याशी उभी होती.

"गेल्या काही दिवसांत त्यांना काही पातळ दिलं होतं का?"

"नाही," मी म्हणालो.

"हो ना," आई म्हणाली.

मास्कच्या आतून, स्पष्ट. डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं. बायकोनं त्याला समजावलं, की त्यांना तेवढंच बोलता येतं, कशालाही तेच म्हणतात. डॉक्टरनं मान हलवली, आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढचा प्रश्न विचारला. मी त्याचंही उत्तर दिलं. आई माझ्याकडे बघत होती. ती मला दोष देत होती, की मला सोडवत होती, की तिला फक्त श्वास घ्यायचा होता, हे मला आजही ठरवता येत नाही.

ती नऊ दिवसांनी गेली. डॉक्टर म्हणाला, अशा पेशंटला स्वतःच्या थुंकीनंही न्यूमोनिया होतो, कितीही काळजी घेतली तरी. "तुम्ही फार छान सांभाळलंत," तो म्हणाला, आणि मी त्याला थँक यू म्हणालो.

तेराव्याच्या दिवशी सकाळी नागपूरचे सगळे व्हिडिओ कॉलवर होते. फोन डायनिंग टेबलवर बरणीला टेकवून ठेवला होता. मी, बायको, मुलगी समोर बसलो होतो. मोठ्या काकूंनी विचारलं, "शेवटी काही घेतलं का रे तिनं? मनासारखं?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत असायला हवं होतं. आमच्याकडे तो विचारतातच. माझ्या तोंडून निघून गेलं, "चहा प्यायली, काकू. स्वतःच्या हातानं. बशीत ओतून, फुंकर घालून."

"बरं झालं बेटा," काकू म्हणाल्या. त्या रडत होत्या, पण चेहरा निवळला होता. "सुखानं गेली म्हणायची. मुलाच्या हातचा चहा पिऊन गेली." तिकडे खोलीत बसलेल्या सगळ्यांनी मान डोलावली. कोणीतरी म्हणालं, असा मुलगा सगळ्यांना मिळो.

कॉल संपला. मुलगी तिच्या खोलीत गेली. बायको उठली नाही.

"बशीत?" ती म्हणाली.

घट्ट चहा बशीतून पिता येत नाही. मी तिला सगळं सांगितलं. पाच दिवस, वही, डॉक्टर. तिनं मधे एकदाही थांबवलं नाही.

"मीही दिला असता कदाचित," सगळं ऐकून ती म्हणाली. "त्यांचा चेहरा मलाही बघवत नव्हता. पण डॉक्टरनं विचारलं तेव्हा का नाही सांगितलंस? मी तिथे उभी होते. त्या सांगत होत्या, आणि मी त्याला म्हटलं, कशालाही तेच म्हणतात."

मी काहीतरी बोलायला गेलो. घाबरलो होतो, असं म्हणालो बहुतेक. ते खरंही होतं.

"तू मला त्यांच्या तोंडावर हात ठेवायला लावलास," ती म्हणाली, आणि उठून गेली.

याला आता एक वर्ष होऊन गेलं. ती माझ्याशी बोलते, हसते, मुलीच्या शाळेचं, गाडीच्या सर्व्हिसिंगचं सगळं नीट चाललं आहे. त्या दिवसाबद्दल आम्ही पुन्हा बोललो नाही. मी दोनदा सुरुवात केली, दोन्ही वेळा ती म्हणाली, "आत्ता नको." मला चहा अजूनही आवडतो, हे सांगायला लाज वाटते. एखाद्या दिवशी सोडून द्यावा असं वाटायचं, पण चार वाजले की तलफ येते आणि मी उठतो. आता मला उत्तम चहा करता येतो. घरी आलेले लोक तसं म्हणतात.

खरं उत्तर दिलं असतं तर औषध बदललं असतं का, वेळ वाचला असता का, हे विचारायला त्या डॉक्टरला फोन करावा असं पुष्कळदा मनात येतं. त्याचा नंबर माझ्याकडे आहे. तो काय सांगेल याचे दोनच प्रकार आहेत, आणि दोन्हींनंतर मला याच घरात राहायचं आहे. मी फोन केलेला नाही. करेन असं वाटत नाही.